प्रतवारी एकट्या कापसाचीच का?



कापसाची गाडी खरेदी केंद्रावर लागली की पुढे काय होते ते आपल्याला तोंडपाठ आहे. ग्रेडर गाडीत हात घालतो, मूठभर कापूस काढून धागा ओढून पाहतो, ओलावा मोजायचे यंत्र खुपसतो. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असला तर पुरा हमीभाव. ८ ते १२ टक्क्यांच्या मध्ये असला तर कपात. १२ च्या वर गेला तर गाडी परत न्या, वाळवा आणि पुन्हा भाडे भरा. तंतूची लांबी मिलिमीटरमध्ये, तलमता मायक्रोनेअरमध्ये, काडीकचरा टक्क्यांमध्ये. ज्वारीची तीच गत. कणीस भरताना पाऊस लागला आणि दाणा काळा पडला की तिला मातीमोल भाव. तो पाऊस कास्तकाराने बोलावला होता का, हे कोणी विचारत नाही.

आम्ही प्रतवारीच्या विरोधात नाही. माल बाजारात आला की त्याची परीक्षा व्हावी, चांगल्याला चांगला भाव मिळावा, हीच खुल्या बाजाराची रीत आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या देशात कोरडवाहू कास्तकाराच्या मूठभर कापसाची चार यंत्रांनी परीक्षा होते, त्याच देशात कोट्यवधी रुपयांची, चोवीस तास वीज पिणारी इमारत कोणतीही परीक्षा न देता उभी राहते, विकली जाते, भाड्याने जाते. तिच्या दारात ग्रेडर का जात नाही?

गोष्ट नुसती कापसापुरती नाही. आपला सात-बारा बघा. जमीन किती, कोणत्या गटाची, पेरा कशाचा, ओलीत की कोरडवाहू, सगळे त्यावर आहे. इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा बोजासुद्धा लिहिलेला असतो. म्हणजे पोरीच्या लग्नाला सोयरीक बघायला येणारा माणूस आधी तलाठ्याकडे जाऊन आपले कर्ज वाचून येऊ शकतो. आपली गरिबी या राज्यात सार्वजनिक कागद आहे. शहरातल्या बहुमजली इमारतीने मागच्या वर्षी किती युनिट वीज जाळली, हे मात्र तिच्या मालकाचे खासगी गुपित!

आता काही भाऊ म्हणतील, आमच्या वावरात पंप नाही, विहीर कोरडी, पिके वरच्या पाण्याची. इमारतीच्या विजेशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो तीन बाजूंनी आहे.

कोळसा कुठला, काजळी कोणाच्या बोंडावर

पहिली बाजू वणीकडची. उकणी, निलजई, राजूर ही नावे आपल्या जिल्ह्याला नवीन नाहीत. या खाणी ज्या जमिनीखाली आहेत ती पऱ्हाटीची काळी कसदार जमीन होती. १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याने ती गेली, जाते आहे. हा कोळसा मुख्यतः औष्णिक वीज केंद्रांच्या भट्टीत जातो. शेजारचे चंद्रपूरचे केंद्र एकटेच २,९२० मेगावॅटचे आहे. एक युनिट वीज तयार करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो.

कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून ज्यांची वावरे आहेत त्यांनी दिवाळीच्या सुमारास फुटलेले बोंड हातात घेऊन बघावे. पांढऱ्या कापसावर काळी भुकटी. पानावर धूळ बसली की पानाची रंध्रे बुजतात, झाडाचा श्वास आणि अन्न तयार करणे दोन्ही मंदावते. हे कृषीच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातले ज्ञान आहे, त्याला संशोधन लागत नाही. तो कापूस वेचून केंद्रावर नेला की ग्रेडर म्हणतो, रंग गेला, प्रत खाली. म्हणजे शहरातल्या इमारतीने वीज उधळायची, त्या विजेसाठी आपल्या जमिनीतून कोळसा काढायचा, त्या कोळशाची काजळी आपल्या कापसावर बसायची, आणि प्रत मात्र कापसाची कमी व्हायची! इमारतीला प्रतच नाही.

वीजचोराचा शिक्का

दुसरी बाजू बदनामीची आहे. पंचवीस-तीस वर्षे शहरातली वर्तमानपत्रे एकच पाढा म्हणतात: शेतकरी फुकट वीज वापरतो, शेतीपंपांनी वीज कंपनी बुडवली. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची योजना आली. एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी तिची मुदत. तेव्हापासून या पाढ्याला आणखी जोर चढला आहे. ज्या कास्तकाराकडे पंपच नाही त्यालाही हे ऐकावे लागते, कारण शहराच्या लेखी आपण सगळे एकच.

पण शेतीपंपाने किती वीज वापरली हे मोजले कोणी? विद्युत कायदा २००३ च्या कलम ५५ प्रमाणे दोन वर्षांच्या आत बिनमीटरची वीज बंद व्हायला हवी होती. वीस वर्षे उलटून गेली, तरी राज्यातल्या लाखो पंपांना मीटर लागले नाही. अश्वशक्ती गुणिले अंदाजे तास, असे गणित करून वापर ‘दाखवला’ जातो. ज्यांना मीटर आहे त्यांचेही वाचन वर्षानुवर्षे सरासरीवर. या अंदाजात वीजगळती आणि चोरी लपवली जाते, असे इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना कितीतरी वर्षे आकडे मांडून सांगत आली. शेवटी राज्य वीज नियामक आयोगाने ३० मार्च २०२० च्या आदेशात महावितरणने दाखवलेला कृषी वापर जसाच्या तसा न धरता कमी करून धरला. जो वापर शेतकऱ्याच्या नावावर मांडला होता त्यातला काही भाग शेतकऱ्याने वापरलाच नव्हता. या बातमीला शहरातल्या किती वर्तमानपत्रांनी पहिले पान दिले, ते आपण पाहिलेच आहे.

याच्या बरोबर उलट स्थिती मोठ्या इमारतींची आहे. त्यांना मीटर आहे, ते दरमहा वाचले जाते, आकडा अचूक आहे. पण तो कोणाला दिसत नाही! जिथे आकडा नाही तिथे आरोप आहे, आणि जिथे आकडा आहे तिथे पडदा आहे.

तिसरी बाजू सोपी. सरकारी इमारतींचे बिल आपल्या पैशातून जाते. खताच्या पोत्यावर, डिझेलवर, पायातल्या चपलेवर कर आपणही भरतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी इमारतीत आम्ही मे महिन्यात निवेदन घेऊन गेलो होतो. साहेब दौऱ्यावर, खोलीत कोणी नाही, दोन एसी चालू, आणि बाहेरच्या व्हरांड्यात पन्नास माणसे घामाने ओली. हा आकडा विचारायचा अधिकार आपल्याला नाही तर कोणाला?

कायदा आहे, पण दात नाहीत

‘मग सरकारने काही केलेच नाही का?’ केले आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, १ मार्च २००२ पासून लागू झाला. त्याखाली ऊर्जा दक्षता ब्यूरो नावाचे केंद्रीय कार्यालय दिल्लीत सुरू झाले. फ्रिजवर, एसीवर तारे छापलेली जी चिठ्ठी असते ती याच ब्यूरोची. २०१० पासून एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर ती सक्तीची आहे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावरही सक्तीची झाली. दीड-दोन हजारांचा पंखा बिनताऱ्याचा विकला तर दुकानदार गुन्हेगार.

इमारतींसाठी याच ब्यूरोने २००९ साली तारांकनाची योजना आणली. गणित अगदी साधे ठेवले. इमारतीने वर्षभरात वापरलेले युनिट, मग ती विकत घेतलेली वीज असो की जनरेटरची, भागिले बांधकामाचे क्षेत्रफळ. आपण एकरी उतारा विचारतो ना, तसा हा चौरस मीटरमागे विजेचा उतारा. फरक इतकाच की इथे आकडा जितका कमी तितके चांगले. नागपूर ज्या हवामानाच्या पट्ट्यात मोडते त्या पट्ट्यातल्या, निम्म्याहून जास्त भाग वातानुकूलित असलेल्या कार्यालयासाठी २००९ च्या कोष्टकात असे धरले होते: वर्षाला चौरस मीटरमागे १९० ते १६५ युनिट लागत असतील तर एक तारा, आणि ९० च्या खाली असतील तर पाच तारे.

हा फरक म्हणजे किती, याचे गणित आम्ही कागदावर मांडले. २,००० चौरस मीटरचे कार्यालय धरा. फार मोठे नव्हे, तीन-चार मजली. १९० च्या हिशेबाने वर्षाला ३ लाख ८० हजार युनिट. ९० च्या हिशेबाने १ लाख ८० हजार. फरक २ लाख युनिट. आता पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण साडेचार युनिट घेतो. रब्बीत हरभरा-गव्हाला तो ८०० तास चालला असे उदार हाताने धरले तर ३,६०० युनिट होतात. म्हणजे एका कार्यालयाची एका वर्षाची निव्वळ उधळपट्टी पंचावन्नाहून जास्त पंपांचा हंगाम. कोळशात सांगायचे तर १४० टन. दहा टनी ट्रक धरले तर चौदा ट्रक, आणि यात तारांतली गळती धरलेलीच नाही. आणि हे एक-तारा इमारतीचे झाले. जिला एकही तारा मिळणार नाही तिची गोष्टच वेगळी.

मग गडबड कुठे आहे? गडबड एका शब्दात आहे. ही योजना ‘ऐच्छिक’ आहे. ज्याची इच्छा असेल त्याने अर्ज करावा, तारे घ्यावेत, दारावर लावावेत. मॅट्रिकचा निकाल ऐच्छिक केला तर काय होईल? पहिला वर्ग मिळालेला पोरगा गावभर पेढे वाटेल, आणि नापास झालेले म्हणतील आम्ही परीक्षेला अर्जच केला नव्हता. पाच ताऱ्यांची इमारत पाटी लावते. एका ताऱ्याचीसुद्धा लायकी नसलेली इमारत गप्प बसते, आणि तिच्या काचेला आणखी चमक देते.

बांधकामाची संहिता निराळी. ती मे २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली, आणि कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०२३ पासून १०० किलोवॅट जोडभाराच्या इमारती, मग त्या राहत्यासुद्धा, तिच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी झाली. चांगले झाले. पण ही संहिता नव्या इमारतीचा नकाशा कसा असावा ते सांगते. उभी असलेली इमारत प्रत्यक्षात किती वीज खाते ते ती लोकांना सांगायला लावत नाही. कायद्यात मोठ्या ग्राहकांकडून माहिती मागवायची तरतूद आहे, पण ती माहिती सरकारने नेमलेल्या यंत्रणेकडे जाते, फाइलला लागते. रस्त्यावरच्या माणसाला, जागा भाड्याने घेणाऱ्याला, कर भरणाऱ्याला ती दिसत नाही.

आणि नकाशाच्या प्रमाणपत्रांबद्दल तर बोलायलाच नको. ‘हरित इमारत’ म्हणून चकचकीत फलक लावणाऱ्यांनी एकदा आपल्या बियाण्याच्या पिशवीकडे बघावे. पिशवीवर झाडाला शंभर बोंडे छापलेली असतात. वावरात किती लागतात ते आपल्याला विचारा. आम्हाला पिशवीवरचे चित्र नको, वावरातली उगवण पाहिजे. नकाशावरचा अंदाज नको, मीटरवरचे युनिट पाहिजेत.

मक्त्याच्या वावरात शेणखत कोण टाकतो?

‘मालकालाच बिल भरावे लागते, मग तो आपोआप काटकसर करेल. कायदा कशाला?’ असे विचारणारे अर्थशास्त्री भेटतात. दिसायला मुद्दा बिनतोड आहे. पण आपल्याकडे मक्त्याने वावर करणाऱ्या कोणत्याही कास्तकाराला तो सांगून बघा, हसेल. वर्षाच्या मक्त्याने घेतलेल्या वावरात कोणी शेणखत टाकत नाही, धुरा बांधत नाही. खताचा गुण तीन वर्षे टिकतो, मक्ता एकाच वर्षाचा. आणि मालकही टाकत नाही, कारण पीक दुसरा नेणार.

इमारतीचे नेमके असेच आहे. बांधतो बिल्डर, विकत घेतो गुंतवणूकदार, भाड्याने घेते कंपनी किंवा बँक, आणि बिल भरतो भाडेकरू. भिंत जाड केली, पश्चिमेची काच कमी केली, गच्चीवर उष्णता अडवणारा थर दिला, तर खर्च बिल्डरचा आणि फायदा भाडेकरूचा. बिल्डर कशाला करील? आणि भाडेकरूला दोन जागांपैकी कोणती वीज कमी खाईल हे कळायला मार्गच नाही, म्हणून तो भाडे बघून जागा घेतो. सरकीत भेसळ ओळखता येत नसेल तर बाजारात भेसळीचीच सरकी उरते.

(विदर्भाच्या उन्हात पश्चिमेला सगळी काच लावायची, मग आत एसी लावायचे आणि त्याला आधुनिक म्हणायचे, ही अक्कल कोणाची देव जाणे. आपल्या आजोबांना ४५ अंशात कसे राहायचे ते कळत होते. मातीच्या हातभर जाड भिंती, कवेलू, ओसरी, दाराला वाळ्याची ताटी. त्यांच्याकडे पदवी नव्हती एवढेच.)

ज्या देशांनी हा गुंता सोडवला त्यांनी दारावर पाटी लावून सोडवला. युरोपच्या संघाने २००२ साली सर्व सदस्य देशांना फर्मान काढले की इमारत बांधताना, विकताना, भाड्याने देताना तिचे ऊर्जा प्रमाणपत्र दाखवले पाहिजे. इंग्लंडमध्ये २००८ पासून लोकांचा राबता असलेल्या मोठ्या सरकारी इमारतींना दर्शनी भागात आपली श्रेणी लावावी लागते. ऑस्ट्रेलियाने २०१० साली कायदा केला: मोठे कार्यालय विकायचे किंवा भाड्याने द्यायचे असेल तर जाहिरातीतच तिचे तारे छापा. आणि ज्या न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे डोळे लावून आपल्या कापसाचा भाव वर-खाली होतो, त्या न्यूयॉर्क शहराने २००९ मध्ये मोठ्या इमारतींना दरवर्षी वापर कळवायला लावले, तो सगळ्यांसाठी उघडा केला आणि २०२० पासून प्रवेशद्वारावर ए, बी, सी, डी असे अक्षर लावणे सक्तीचे केले. आकडा दिलाच नाही तर एफ. म्हणजे तिथे गप्प बसणाऱ्याला सर्वांत खालची प्रत मिळते. आपल्याकडे गप्प बसणाऱ्याला काहीच होत नाही.

आपल्याच माणसांचा आक्षेप

आता घरातल्या भांडणाकडे येऊ. तालुका बैठकीत आमच्या काही जुन्या कार्यकर्त्यांनी विचारले: आपण आयुष्यभर लायसन्स-परमिटच्या विरोधात लढलो, कापूस एकाधिकार खरेदीच्या जोखडाविरुद्ध रस्त्यावर उतरलो, झोनबंदीच्या विरोधात बैलगाड्या घेऊन राज्याची हद्द ओलांडली, आणि आता आपणच नवा कायदा मागायचा? आणखी एक इन्स्पेक्टर, आणखी एक हप्ता?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे चुकीचे होईल. नियंत्रण आणि माहिती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कापूस कोणाला विकायचा हे सरकारने ठरवणे हे नियंत्रण. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापायला लावणे ही माहिती. पहिल्याने शेतकऱ्याचे हात बांधले, दुसऱ्याने त्याचे हात मोकळे केले. १९६६ च्या बियाणे कायद्याने पिशवीवर उगवण, शुद्धता आणि मुदत छापणे बंधनकारक झाले. संकरित कापसाला किमान ७५ टक्के उगवण हवी. त्या छापील आकड्याने बियाणे उगवले असे नाही. पण न उगवल्यावर भांडायला हातात कागद आला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात निर्वाळा दिला की निकृष्ट बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक मंचात दाद मागू शकतो. पिशवीवर काहीच छापलेले नसते तर तो काय घेऊन मंचात गेला असता?

इमारतीच्या मालकाने एसी किती ठेवावेत, काच कुठे लावावी, हे त्याला सांगण्याची आमची इच्छा नाही. त्याचा पैसा, त्याची इमारत. खुशाल उधळावी. फक्त किती उधळली ते दारावर लिहावे. आणि यासाठी इन्स्पेक्टर लागतच नाही! वर्षाचे युनिट महावितरणच्या संगणकात आहेत. बांधकामाचे क्षेत्रफळ मालमत्ता कराच्या नोंदीत नगर परिषदेकडे आहे. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचे, एवढेच काम. चौथीतला पोरगा करील. कोणी पाहणीला येण्याची गरज नाही, म्हणून कोणाला पाकीट देण्याची गरज नाही. ज्या दिवशी सरकार या कायद्यात ‘तपासणी अधिकारी’ आणि ‘परवाना’ हे शब्द घालील त्या दिवशी आम्हीच त्याच्या विरोधात उभे राहू, हे आताच लिहून ठेवतो.

रुग्णालय आणि कार्यालय यांची तुलना कशी करणार, असेही विचारतात. करूच नये. कपाशीच्या उताऱ्याची ज्वारीशी तुलना कोण करतो? ब्यूरोने रुग्णालये, मॉल, कार्यालये यांची कोष्टके वेगळी केलेलीच आहेत. रुग्णालयाला जास्त वीज लागते, लागावी. पेशंटच्या खोलीतला पंखा बंद करा असे म्हणणारा माणूस आमच्यात नाही.

व्यापारी बांधव म्हणतात, आम्ही युनिटला शेतकऱ्यापेक्षा कितीतरी जास्त दर मोजतो, आमच्या पैशातून शेतीची सवलत जाते, वरून आमचीच झडती? दराचे खरे आहे. दुकानदाराचा आणि कारखानदाराचा दर जास्त आहे आणि त्याचा बोजा त्यांना सोसावा लागतो. पण त्या बोजात शेतकऱ्याची सवलत किती आणि शेतकऱ्याच्या नावावर लपवलेली गळती किती, हे त्यांनाही कळलेले नाही. जो उजेड आम्ही त्यांच्या दारावर मागतो, तोच आम्ही डीपीवरही मागतो. प्रत्येक डीपीवर मीटर बसवा, आत किती वीज आली आणि पंपांनी किती घेतली ते गावाच्या चावडीवर लावा. आमची पाटी आधी लावली तरी चालेल. व्यापाऱ्यांनी या मागणीत आमच्याबरोबर यावे.

मेळाव्यापुढचा ठराव

१०० किलोवॅटपेक्षा जास्त जोडभार असलेल्या प्रत्येक व्यापारी आणि सरकारी इमारतीने मागच्या वर्षाचा चौरस मीटरमागे विजेचा वापर दर्शनी भागात, मराठीत, वीतभर आकड्यांत लावावा. विक्रीच्या आणि भाड्याच्या जाहिरातीत तो छापावा. सुरुवात सरकारी इमारतींपासून करावी, कारण त्यासाठी विधानसभेत जायचीही गरज नाही, एक शासन निर्णय पुरे. आणि आपल्या बाजार समित्या, जिल्हा बँक, सहकारी जिनिंग ज्यांना आपण आपले म्हणतो, त्यांनी शासन निर्णयाची वाट बघू नये. समितीच्या सभापतींना आपला माणूस म्हणून निवडून दिले असेल तर पहिली पाटी त्यांच्या दारावर दिसली पाहिजे.

सरकार ठराव वाचील तेव्हा वाचील. तोपर्यंत माहितीचा अधिकार कायदा २००५ आपल्या खिशात आहे. मेळाव्याच्या आधी सोळाही तालुक्यांतून किमान एकेका सरकारी इमारतीचा आकडा हातात यावा असे ठरले आहे. तहसील कार्यालय, पंचायत समिती, विश्रामगृह, जे सोयीचे असेल ते. अर्ज त्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील भावांना फी नाही, दाखल्याची झेरॉक्स जोडावी. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, नाहीतर अर्ज परत येतो. मागायचे एवढेच: मागच्या बारा महिन्यांच्या वीज बिलांच्या प्रती, जनरेटर असल्यास त्याच्या डिझेलचा हिशेब, आणि इमारतीचे बांधकाम क्षेत्र. उत्तराची मुदत ३० दिवस. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.

एका इमारतीला दोन-तीन मीटर असतात, सगळ्यांचे युनिट एकत्र धरावेत. आवारातल्या कर्मचाऱ्यांच्या घरांचे मीटर धरू नयेत, उगाच आपला आकडा खोटा ठरेल. क्षेत्रफळ बहुतेक ठिकाणी चौरस फुटांत मिळेल. त्याला १०.७६ ने भागले की चौरस मीटर होतात. भागाकार झाल्यावर आलेला आकडा, बिलांच्या झेरॉक्ससह, तालुका प्रमुखांकडे मेळाव्याच्या आठ दिवस आधी पोचता करावा. सोळा आकडे एका मोठ्या कापडी फलकावर उतरवून तो मंडपाच्या दारात लावायचा आहे, आणि रंगाऱ्याला निदान तेवढे दिवस लागतात.